स्वेटरच्या आतले बाबा

आमच्या डुलुथमध्ये उन्हाळा येतो, असं कॅलेंडर म्हणतं. जुलै महिना, शनिवारची दुपार, आणि लेक सुपिरियरवरून असा बोचरा वारा येत होता की वाळूत किल्ले करणाऱ्या पोरांचे ओठ निळे पडले होते. पोरं इथली, त्यांना त्याचं काही नव्हतं. माझे बाबा मात्र बाकावर अंग चोरून बसले होते. आत थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट आणि कानांना मफलर. समोर लोक हसत हसत त्या बर्फासारख्या पाण्यात उड्या मारत होते. बाबा त्यांच्याकडे काळजीने बघत होते, ह्यांच्या घरच्यांना माहीत आहे का, अशा नजरेने.

बाबा नागपूरचे. वीज खात्यातून रिटायर झालेले, काटक, तापट, आणि घरात कायम लुंगी-बनियनवर. दारावर कोणी आलं तरच शर्ट अंगात जायचा, आणि पाहुणा फाटकाबाहेर पडायच्या आत तो परत खुंटीवर. लहानपणापासून मी त्यांना तसंच पाहिलं. आता माझ्या घरात ते आठ महिने राहत होते आणि त्यांचा फक्त चेहरा आणि हाताचे पंजे मला दिसत होते. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आई गेली आणि मी त्यांना इकडे आणलं. मी एकुलती एक. त्यांनी तिथे एकट्याने राहायचं नाही, हे मी ठरवलं आणि मी ठरवलं की ठरवलं, हा स्वभाव त्यांचाच माझ्यात आलेला. इथे कायम राहता यावं म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज केला. तो मंजूर व्हायच्या आत त्यांनी अमेरिका सोडली तर सगळ्यावर पाणी. मार्चमध्ये ते एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "घरी एक चक्कर मारून येऊ का?" मी त्यांना नियम समजावून सांगितला. एप्रिलमध्ये पुन्हा म्हणाले, तेव्हा मी चिडून समजावून सांगितला. मग त्यांनी विषय काढला नाही, आणि मला वाटलं, ते इथे रमले.

जेवणाचं तेवढं रोजचं कटकटीचं झालं होतं. अर्धी पोळी खायचे, अर्धी मोडून ताटाच्या कडेला ठेवायचे. "या वयात किती खायचं बाप्पा," म्हणायचे. मी वाद घालून घालून हात टेकले.

सॉनाची कल्पना नवऱ्याची. तो पुण्याचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे उपाय तयार असतो. "त्यांना थंडी वाजते ना? मग गरम ठिकाणी नेऊ या," इतकं सोपं. आमच्या बीचवर उन्हाळाभर चाकांवरची एक लाकडी खोली उभी असते. आत शेगडीवर दगड तापवलेले, त्यावर पळीने पाणी ओतायचं, वाफेत घाम येईपर्यंत बसायचं आणि मग धावत जाऊन लेकमध्ये डुबकी. इथल्या निम्म्या लोकांचे आजे-पणजे फिनलंडहून आलेले. त्यांच्या दृष्टीने देवळात जाण्यासारखंच ते.

"गरमीसाठी पैसे देऊन राहिले हे लोक?" बाबांनी विचारलं. "मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाठव म्हणा सगळ्यांना. वरून पन्हं देतो."

खूप दिवसांनी त्यांनी असा टोला मारला होता. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच वेळ बुक करून टाकली.

सॉना सांभाळणारी बाई सत्तरीची असेल, उंच, लालबुंद गालांची. तिने बाबांना बजावलं, चक्कर आल्यासारखं वाटलं की लगेच बाहेर. बाबा इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय ॲम फ्रॉम नागपूर." बाईला त्यातलं काही कळलं नाही, पण ती हसली. नवऱ्याने त्यांना आपली हाफपँट दिली. कपडे बदलून ते गळ्यापर्यंत टॉवेल लपेटून आले आणि थेट सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसले, जिथे सगळ्यात जास्त तापतं.

आम्ही चौघंच होतो: बाबा, मी, नवरा आणि आमची बारा वर्षांची मुलगी. पाच मिनिटांत नवरा खालच्या फळीवर उतरला. बाबा मात्र बोलायला लागले. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर दुपारी पाणी कसं मारायचे, त्या वासाने झोप कशी लागायची, आई पापड कसे गच्चीवर टाकायची आणि तासाभरात ते कसे कडक व्हायचे. इतकं सलग ते आठ महिन्यांत बोलले नव्हते. बोलता बोलता त्यांनी हात उडवून काहीतरी दाखवलं आणि टॉवेल खांद्यांवरून खाली घसरला. त्यांनी तो बाजूला ठेवून दिला.

मुलगी म्हणाली, "मॉम, व्हाय इज आजोबा सो थिन?"

मी वर पाहिलं. बरगड्या एकेक मोजता आल्या असत्या. गळ्याच्या हाडांमागे खोल खड्डे पडले होते. दंडाची कातडी नुसती लोंबत होती. ज्या खांद्यावर बसून मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक पाहिली तो खांदा हँगरसारखा दिसत होता. एवढ्या उकाड्यात मला थंडी वाजली.

मी नवऱ्याला खुणेने बाहेर बोलावलं आणि दाराबाहेरच त्याच्यावर तुटून पडले. "तुला दिसलं नाही? चोवीस तास घरून काम करतोस ना तू?"

"मला कसं दिसणार?" तोही हादरला होता. "घरात स्वेटरमध्येच असतात ना ते. आणि तू?"

मला तरी कुठे दिसलं होतं! पँट सैल झाली असती तर कळलं असतं. ते घालायचे पायजमे, आणि पायजम्याची नाडी काय, जितकी ओढावी तितकी येते.

मुलगी किंचाळत लेककडे पळाली, तिच्या मागे नवरा गेला. बाबा बाहेर यायचं नाव घेईनात. ती बाई मला म्हणाली, आता पुरे, वयस्कर माणूस आहे. मी आत गेले. बाबा डोळे मिटून बसले होते, कपाळावरून घाम वाहत होता आणि चेहरा असा निवांत होता की मला त्यांचा रागच आला.

"बाबा, तुम्ही जेवत का नाही?"

"जेवतो ना."

"खरं सांगा. मला दिसतंय आता सगळं."

त्यांनी टॉवेलकडे हात नेला, मग राहू दिला. "भूकच लागत नाही बेटा. मी मुद्दाम नाही करून राहिलो. ताट समोर आलं की वाटते, खाऊन काय करायचं."

"डॉक्टरकडे जाऊ. सोमवारी अपॉइंटमेंट घेते."

"घे. तू म्हणशील तसं."

आणि मी घाबरले ती इथे. ज्या माणसाने आयुष्यभर माझ्यासकट कुणाचं ऐकलं नाही, साध्या भाजीवरून ज्याने घर डोक्यावर घेतलं, तो मान खाली घालून म्हणत होता, तू म्हणशील तसं. हेच ते अर्जावर सही करतानाही म्हणाले होते. मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला होता.

"तुम्हाला काय पाहिजे ते सांगा," मी म्हटलं.

"तू येवढं केलं माझ्यासाठी. आता मी काय म्हणू?"

"म्हणा हो!" मी ओरडलेच.

"मले घरी जाऊ दे."

मी त्यांना सगळं ऐकवलं. तिथे कोणी नाही, रात्री-अपरात्री काही झालं तर शेजारी तरी किती धावतील, मला पोचायला दोन दिवस लागतील, कदाचित मी पोचणारच नाही, आईच्या वेळी पोचले नव्हते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एकही मुद्दा खोडला नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तरी जाऊ दे."

दार उघडून बाईने पुन्हा आवाज दिला. मी त्यांना हाताला धरून पायऱ्यांवरून उतरवलं. बाहेरचा वारा लागला मात्र, त्यांचे दात वाजायला लागले. मी अंग कोरडं केलं, थर्मल चढवलं, स्वेटर डोक्यातून घातला, बाह्यांमधून त्यांचे हात ओढून काढले. एका मिनिटात ते पुन्हा रोजचे बाबा झाले, धडधाकट. मनात आलं, आता कुणाला काही दिसणार नाही, हिवाळा काढता येईल, कार्ड येईपर्यंत थांबवता येईल. डॉक्टर आहेत, टॉनिकं आहेत. माझ्या जिवावर आलं होतं. मला त्यांना सोडायचं नव्हतं, अजूनही नाही.

"अर्ज मागे घेते," मी म्हटलं. "डॉक्टरने हो म्हटलं की तिकीट काढू."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी रागाच्या भरात बोलले की खरंच, ते तपासल्यासारखं. मग बाकावर बसले आणि म्हणाले, "खायला काय आणलं आहे?"

पिशवीत मेथीचे पराठे होते आणि दही. त्यांनी एक संपवला, दुसरा घेतला, लोणचं नाही आणलं म्हणून मला बोलले. लेकमधून कुडकुडत आलेली मुलगी आणि नवरा बघतच राहिले. तिसऱ्या पराठ्याला बाबांनी मफलर सोडून बाजूला ठेवला आणि नीट मांडी घातली.

मी पाण्याकडे तोंड करून बसले. आठ महिने ज्या घासासाठी मी त्यांच्या मागे लागले होते, तो ते आता मिटक्या मारत खात होते, आणि मला तिकडे बघवत नव्हतं.