बोटभर जर्मन

भिंगारला आमच्या शेजारचे काका दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांचे बोटभर उंचीचे पुतळे रंगवतात. रविवारी टेबलावर नकाशा पसरून मित्रांशी लढाई खेळतात आणि दर वेळी जर्मनांचीच बाजू घेतात.

"ड्रेस बघ की रे! असला रुबाब दुसऱ्या कुनाचा हाय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॉलरवरची खूण काढताना ते श्वास रोखून धरतात. टेबलावर मुंगी आली तर मारत नाहीत, फुंकर घालून वाट दाखवतात.

असा माणूस मला आवडायचा, म्हणूनच ते सैनिक सहन होत नव्हते. ज्या गणवेशाने माणसं जाळली, त्याच्या बटणांना चांदीचा रंग? एकदा ठरवूनच गेलो. आज बोलायचं, आणि त्यांना काहीच वाटलं नाही तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

मी सगळं सांगितलं. छावण्या, गॅसच्या खोल्या, आयांच्या कडेवरची पोरं, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतले सांगाडे. काकांनी ब्रश खाली ठेवला. चष्मा काढून डोळे पुसले.

"लई वंगाळ केलं रे," ते म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी चष्मा लावला, सगळ्यात बारीक ब्रश उचलला आणि अगदी मनापासून विचारलं, "त्या छावनीतल्या लोकांचे पट्टे निळे हुते का काळे?"

मला रंग माहीत होता. मी चपला घातल्या.