किल्ल्याची मागची बाजू

दिवाळीत किल्ला करू द्या म्हणून मुलांनी माझ्यामागे भुणभुण लावली, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. मुलांच्या निरीक्षणगृहाची सुरक्षा माझ्याकडे आहे. केस चालू असलेली, अठराच्या आतली मुलं इथे राहतात. ती पळू नयेत हे माझं काम, आणि त्यांना काही होऊ नये हे त्याहून मोठं काम. तार, पत्रा, काच, काठी, सगळ्याला बंदी. मग किल्ला करणार काय डोंबलाचा?

पण मी पडले लालबागच्या चाळीतली. आमच्याकडे किल्ल्यावरून भांडणं झाली, डोकी फुटली, पण किल्ला कधी चुकला नाही. शेवटी मीच विरघळले. अधीक्षक साहेबांना म्हटलं, "माती, गोणपाट आणि विटांचे तुकडे देऊ या. जबाबदारी माझी." साहेब म्हणाले, "मॅडम, काही झालं तर तुमच्याच गळ्यात येईल हां." म्हटलं, येऊ दे.

मुलांचा पुढारी झाला परळचा एक पोरगा. त्याची केस मिटली होती, दिवाळी झाली की तो घरी जाणार होता. काय हात होता त्याचा! अंगणात बघता बघता बुरूज उभे राहिले, तटबंदी झाली, अळीव पेरून हिरवळ आली. दरवाजात त्याने मातीची एक जाडी बाई बसवली, खुर्चीवर, तोंडात शिट्टी.

"ही कोण रे मेल्या?"

"किल्लेदारीण, मावशी."

सगळी फिदीफिदी हसली. मीही पोट धरून हसले. खरं सांगते, फार बरं वाटलं. आमच्या अंगणात असं हसू रोज ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती, म्हणून मी किल्ल्याला एक फेरी मारली. मागच्या बाजूला चिखलात गंजक्या पत्र्याचा तुकडा खोचलेला! माझं डोकंच सणकलं. बोट दिलं की हात धरतात ही पोरं. परळच्या पोराला तिथेच बोलावलं. "पत्रा कुठून आणलास? माझ्या डोक्यावर मिरे वाटायला बसलायस काय?" मी तो उपटायला वाकले, तर पत्र्याच्या वर तटात एक छोटी खिडकी दिसली. खिडकीला गजांसारख्या उभ्या काड्या, आणि त्यातली एक सुटून लोंबत होती.

माझा हात तिथेच थांबला. मुलांच्या झोपायच्या खोलीला लागून, पहिल्या मजल्यावर, कपडे धुण्याची खोली आहे. तिला मागे अशीच खिडकी आहे. आणि त्या खिडकीखाली शेजारच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर.

एवढं शरीर घेऊन मी जिना कसा चढले, मलाच माहीत. गज धरून हिसका दिला, तर तो हातातच आला. खालच्या भोकात साबण भरून कोणीतरी तो बेमालूम बसवला होता. आमची माणसं रोज तिथे चक्कर मारतात, मीही मारते, आणि गज हलवून एकानेही बघितला नव्हता.

पोरगा माझ्यामागोमाग वर आला होता. विचारलं, "पळायचं होतं तुला?"

"मला कशाला? मी तर घरी चाललोय." मग मान खाली घालून म्हणाला, "तो बारका आहे ना, नवीन. त्याला दिवाळीला आईकडे जायचंय. इथून उतरायला निघाला होता, मी धरला. खालचा पत्रा सडलाय मावशी, पाय टाकला की खल्लास. मी रोज रात्री ह्या दारात आडवा पडतो. झोपत नाही. पण मी गेल्यावर कोण बघणार?"

"मग सांगायचं ना, गाढवा!"

"सांगितलं की खबरी. खबऱ्याला पोरं सोडत नाहीत. आणि बारक्याच्या नावावर पळण्याचं लागलं असतं. म्हटलं, किल्ल्यात दाखवू. तुम्ही बघणारच."

राग कुठल्या कुठे पळाला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

लगेच साहेबांना गाठलं. गज सुटलाय, आमच्या चकरा कमी पडल्या, असं स्वच्छ सांगितलं. कोणा मुलाचं नाव घेतलं नाही. वेल्डर येईपर्यंत त्या खोलीला कुलूप आणि बाहेर माणूस. दुसऱ्या दिवशी समितीलाही मीच वर नेऊन खिडकी दाखवली. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. मी समितीच्या बाईंना एवढंच म्हटलं, की नवीन आलेल्या मुलांना निदान दिवाळीत तरी आई भेटू द्या. त्या समंजस निघाल्या. बारक्याची आई ऐन पाडव्याला चकल्यांचा डबा घेऊन आली, आणि माझ्या जिवात जीव आला.

पण त्याआधीची, वेल्डर आला त्या दिवसाची गोष्ट राहिलीच. काम संपून गज निवले, तशी मी त्या परळच्या पोराला वर बोलावलं. त्याने एकेक गज दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितला. एकही हलला नाही. मग खाली मान घालून तो आपल्या चटईकडे गेला आणि आडवा झाला.

चहाच्या वेळी आमचा गार्ड त्याला उठवायला निघाला. "मॅडम, दुपारी झोपायला परवानगी नाही." नियम माझाच होता.

"झोपू दे त्याला," मी म्हटलं. "इतके दिवस माझी ड्युटी तो करत होता."