बाळारामकाकांची तीन मिनिटं

बाळारामकाका गेल्याची बातमी पाचही गावांना मीच दिली. त्यांच्याच ओटीवर, त्यांच्याच खुर्चीत बसून, पाचही फोन एकदम वाजतील असं बटण दाबलं आणि म्हटलं, "काका गेले." मग खारवाडीहून कोणीतरी विचारलं, "मंग आता फोनचा काय?" मला राग यायला हवा होता, पण नाही आला. कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. आमच्याकडे माणूस गेला की आधी लाकडं किती लागतील ते बघतात, रडायचं मागाहून.

या महिनाभरात त्यांच्याबद्दल बरंच बोलून झालं. शाळेत फोटो लागला, त्याला हार घातला, देवमाणूस म्हणून झालं. असतील देवमाणूस. पण आमच्याकडे काही देव कडक असतात, नवस चुकला की घर धुऊन नेतात. काका त्यातले. चार लोक गोड बोलले आहेत, म्हणून पेपरच्या या पुरवणीत मी जे खरं ते लिहिते. त्यात माझंही काही चांगलं निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा आमच्या पाच गावांत मिळून चालू असा एकच फोन होता, तो त्यांच्या घरचा. आम्ही खाडीच्या आतल्या वळणाला, तिन्ही बाजूंनी डोंगर. मोबाइलला रेंज हवी तर घाटी चढून वर जायचं, आणि टॉवर येणार येणार हे माझं लग्न झालं तेव्हापासून ऐकतेय. काकांनी त्या एका तारेवर इंटरनेट घेतलं, कुठून कुठून सिग्नल धरणाऱ्या जुन्या पांढऱ्या थाळ्या आणल्या, त्या गावागावातल्या उंच माडांवर स्वतः चढून बांधल्या आणि प्रत्येक गावात एका घरी फोन ठेवला. या गावातून त्या गावात बोलणं इंटरनेटवरून, फुकट, हवं तेवढं. पण बाहेर लावायचं, अलिबागच्या दवाखान्यात, मुंबईला, कुठेही, तर पाचही गावांचं बोलणं येऊन काकांच्या त्या एकाच लायनीतून जाणार. एकाचं चाललंय तोवर बाकी चार गावांनी गप्प बसायचं. पाच घरांना एक नळ म्हटल्यावर जे व्हायचं तेच.

आमच्या गावचा फोन माझ्या सासऱ्यांच्या ओटीवर होता. मी नवी सून, वय वीस. माहेर रेवदंड्याला, आईचा सुकटीचा धंदा, आवाज असा की फोन नसता तरी ऐकू आला असता. दुपारी घरातले शेतावर गेले की मी आईला फोन लावायची. काय बोलायचो? काही नाही. भरल्या पापलेटात ती चिंच किती घालते, धाकट्या जावेने माझी वेणी कशी पळवली, असलं. तेव्हा किती बोलायचं याला काही धरबंद नव्हता.

भातकापणीच्या दिवसांत अशाच एका दुपारी वरच्या वाडीतल्या हरीला फुरसं चावलं. लोकांनी त्याला त्यांच्या गावच्या फोनपाशी आणून निजवलं आणि गाडी बोलवायला फोन लावत राहिले. लाइन बिझी. परत लावला, बिझी. काका त्या वेळी खारवाडीच्या माडावर थाळी बांधत होते, त्यामुळे त्यांच्या घरीही उचलायला कोणी नव्हतं. शेवटी हरीला झोळीत घालून घाटी चढवली. तो वर पोचला नाही.

पाचही गावं म्हणत होती, कोण बया बोलत बसली होती तेवढा वेळ? आज लिहिते. ती बया मी. चाळीस मिनिटं. पापलेटाची चिंच.

काकांना ते कळलं होतं, कारण कुठल्या फोनवरून किती वेळ बोललं गेलं ते त्यांच्या यंत्रात दिसायचं. संध्याकाळी ते आमच्या ओटीवर आले, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. निम्मं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. त्यांनी उरलेलं प्यायलं आणि विचारलं, "आयशीला बरा हाय ना तुझ्या?" एवढंच. नंतर कधीही, कोणालाही, त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. हरीची बायको आजही माझ्याकडून विरजण नेते.

दुसऱ्या दिवशी नियम आला. बाहेरचा फोन तीन मिनिटं. यंत्राच्या शेजारी काकांनी सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलं, लाल दिवा लागला की बघायला सुरुवात, आणि तीन फेरे झाले की बटण. वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. रडणं, भांडण, बारशाचं आमंत्रण, सगळं सारखंच. लोकांनी शिव्या घातल्या, मग शिकले. आमच्या गावांतली माणसं आजही बाहेर कुठे गेली की भराभरा बोलतात, आणि समोरच्याला वाटतं हे रागावलेत. काकांचा मुलगा सुधीर मालवाहू बोटीवर असतो, परदेशातल्या बंदरांतून फोन करतो. त्याचाही तसाच कापायचे. पुढे पुढे तो पोरगा एका मिनिटात आटपायचा. बरा आहे, जेवलो, ठेवतो. कापून घेण्यापेक्षा आपणच ठेवलेला बरा, असं मला म्हणाला होता.

नियमाला वर्ष होत आलं तेव्हा माझी मुलगी झाली. ती बारा दिवसांची, मी बाळंतिणीच्या खाटेवर, आणि आईला अर्धांगाचा झटका येऊन तिला अलिबागला नेलेलं. दुसऱ्या दिवशी भावाने दवाखान्यातून फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. आईची जीभ जड झाली होती. तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. एकेक शब्द ओढून ओढून काढत होती. विचारलं काय, तर पोरीला तेल कुठलं लावतेस, टाळू भरतेस ना, अळीव खातेस का. मी हो हो म्हणत होते, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. मग ती थांबली. दम घेतला. आणि म्हणाली, "आता ऐक..."

फोन कापला गेला.

भावाने लगेच परत लावला, पण तेवढ्यात खारवाडीहून कोणीतरी रेवदंड्याला बर्फ आलाय का विचारत बसला होता. तो संपेपर्यंत आईची शुद्ध हरपली. संध्याकाळी गेली.

सव्वा महिना झाल्यावर मी पोरीला कडेवर घेऊन काकांच्या ओटीवर गेले. विचारलं, त्या वेळी लायनीसाठी कोण थांबलं होतं? म्हणाले, "कोन न्हाय." "मग?" "तीन मिनटां झाली व्हती." त्यांना ठाऊक होतं फोन कोणाचा, कुठून. डोळ्यांत ना माया ना राग. मला बोंब मारायची होती, पाच गावं गोळा करायची होती. पण मी काय बोंबलणार? त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर हरीच्या बायकोने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या. मी घरी आले आणि पोरीची टाळू भरली.

त्यानंतर बारा वर्षं मी त्यांच्याशी नीट वागले. गणपतीत मोदक दिले, काकी गेल्या तेव्हा महिनाभर डबा पोचवला. आतून कधी एक क्षण माफ केलं नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांग झालं, आईला झालं तसंच, तेव्हा यंत्र कोण बघणार असा प्रश्न आला. काकांनी माझं नाव सांगितलं. म्हणाले, ही कोणाची गय करायची नाय. लोकांना वाटलं मी सेवा म्हणून हो म्हटलं. सेवा कसली! ते बटण माझ्या बोटाखाली यायला हवं होतं, म्हणून हो म्हटलं.

यंत्र ओटीवर, काकांची खाट आतल्या खोलीत, मधलं दार उघडं. त्यांना पडल्या पडल्या घड्याळ दिसायचं. त्यांना पेज भरवायची, कपडे बदलायचे आणि लोकांचे फोन कापायचे, असं माझं सुरू झालं. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. काकांना समाधान वाटत असावं.

जायच्या चार दिवस आधी सुधीरचा फोन आला. बोट सुटायच्या बेतात होती, मधेच सोडून येता येत नव्हतं, पुढचं बंदर लागलं की परत फोन करतो म्हणाला. मी बिनतारी फोन काकांच्या उशीवर, कानाला लावून ठेवला आणि यंत्रापाशी येऊन बसले. काका बोलत होते. जेवतोस का, थंडी हाय का तिकडे. शब्द ओढून ओढून, अगदी आईसारखे. मग थांबले. दम घेतला. आणि म्हणाले, "सुध्या, मी तुला कधी..."

मी बटण दाबलं.

बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण ताप उतरावा तसं बरं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. आत गेले तेव्हा काका फोनकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते.

"ईस शेकंद बाकी व्हते, नंदे," ते म्हणाले.

चिडून नाही. हिशेब चुकला तर सांगतात तसं. मग मान भिंतीकडे वळवली. मी पेज आणली, त्यांनी तोंड उघडलं, मी भरवली. पुढचे चार दिवस तेच. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तरी माझ्याच हातचं खात राहिले. सुधीरची बोट बंदराला लागायच्या आधी ते गेले.

सुधीर दहाव्याला पोचला. पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबलो होतो, तेव्हा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "नंदावहिनी, बाबा त्या दिवशी काय सांगत होते हो? तुम्ही जवळ होतात." त्यांना काय सांगायचं होतं ते मला कुठे ठाऊक होतं? आणि जे ठाऊक होतं ते जिभेवर आलं नाही. मी म्हटलं, "तीन मिनिटं झाली होती."

त्याने मान हलवली. "मग बरोबर आहे," म्हणाला. तेराव्याला चार माणसांत त्याने हे अभिमानाने सांगितलं, की बाबांनी नियम केला तो शेवटी स्वतःवरही चालवून घेतला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हरीची बायकोही पदराने डोळे पुसत होती. मी पंगतीत वाढत होते.

सुधीर, ही पुरवणी तुझ्या बोटीवर पोचत नाही, पण कोणीतरी तुला वाचून दाखवेलच. तीन मिनिटं झाली नव्हती रे.