वेगळंच दिसतंय

मार्लिस ह्रुस्काचा राग आतल्या आत धुमसायचा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांत वाढलेली बाई. तिच्या घरी कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नसे. शेजारणीचं सूप खारट झालं तर आई म्हणे, "वेगळंच झालंय हं." एवढ्यावर समोरचीने समजून घ्यायचं.

ही जीभ घेऊनच ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आली आणि तिथेच तिचे केस पांढरे झाले. काम धुळीचं. हवा काढून घेतलेल्या डब्यात थोडासा आर्गॉन वायू, विजेने जांभळा पेटवलेला, आणि त्यात तरंगणारी प्लास्टिकची धूळ, पिठीहून बारीक. लेसरच्या झोताने तिला ठेक्यात ढकललं, की तो थर परातीतल्या पाण्यासारखा मागेपुढे हिंदकळतो. कॅमेरा ते टिपतो.

एकदा पडद्यावर धूळ तो ठेका सोडून भलतीच संथ डुलताना दिसली. मार्लिसला शंका आली. तिचा वरिष्ठ, प्राध्यापक प्रेस्टन कीलर, मागेच उभा होता. ती म्हणाली, "हे जरा वेगळंच दिसतंय."

प्रेस्टन पडला बॉस्टनचा, तिकडे चूक दिसली तर तोंडावर चूकच म्हणतात. त्याला वाटलं, बाईला नवी लाट सापडली. त्याने परिषदेत ती जाहीर केली, शोधनिबंध लिहिला, खाली दोघांची नावं घातली.

मार्लिसने कॅमेऱ्याचा वेग बदलून पाहिला तर लाट गायब. धूळ झपाझपच हलत होती. कॅमेऱ्याचा वेग तिच्या ठेक्याशी जवळपास जुळल्याने ती संथ भासत होती, सिनेमात धावत्या गाडीची चाकं उलटी फिरतात तशी. तो वेग मार्लिसनेच लावलेला. तिला स्वतःच्या गुळमुळीत जिभेची भयंकर चीड आली.

"प्रेस्टन, लाटबीट काही नाहीये. कॅमेऱ्याचा खेळ आहे सगळा."

"अगं, वेगळं आहे असं तूच म्हणालीस ना?"

"आमच्याकडे त्याचा अर्थ 'गडबड आहे' असा होतो."

"मग तसं म्हणायचं होतंस. आता कॅमेरा पूर्वीच्या वेगावर ठेव आणि विषय सोड. पुढच्या निबंधात बघू."

"म्हणजे हा खोटाच छापायचा?"

"लोक हसतील मला, मार्लिस."

"हसू देत. नसलेल्या लाटेमागे दुसऱ्यांची वर्षं वाया जातील, त्याचं काय?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसा प्रेस्टनचाच आवाज चढला. "एवढीच लाज वाटत असेल तर निबंधावरून तुझं नाव काढतो."

आजवर अशा वेळी ती "तुला योग्य वाटेल तसं" म्हणून कॉफी करायला निघून जायची. याही वेळी तेच होणार हे धरून प्रेस्टनने दाराची मूठ फिरवलीसुद्धा. मार्लिसचे कान तापले होते.

"काढ," ती म्हणाली. "आजच काढ. म्हणजे त्याच्याविरुद्ध लिहायला मी मोकळी."

प्रेस्टनने दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून तो खाली बसला.