ताईचा दुसरा दम

माझी नणंद आळशी आहे, हे मला या घरात आल्या आल्याच सांगण्यात आलं. सासूबाई घर दाखवत होत्या. हे स्वयंपाकघर, ही मोरी, आणि ही आमची थोरली, हिला फार काही सांगू नकोस, हिच्याच्यानं होत नाही. थोरली तिथेच भांडी घासत होती. तिनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि तेव्हापासून आमचं जमलं.

ताई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. लाँड्री तळघरात. ओल्या चादरी मशीनमधून उपसायच्या, वाळवायच्या, इस्त्री करून घड्या घालायच्या आणि गाठोडी बांधून वरच्या मजल्यांवर पोचवायची. पाण्यानं जड झालेली चादर उपसून बघा एकदा, मग आळसावर बोला.

सकाळी चार-सहा चादरी उपसल्या की ताई थांबायची. दंड आणि मांड्या दगडासारख्या कडक व्हायच्या. मशीनला टेकून ती हात लोंबते सोडायची आणि गप्प उभी राहायची. बाकीच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मग ती हळूहळू सुरू व्हायची, पुन्हा थांबायची, आणि एकदा का लय लागली की दुपारपर्यंत हटायची नाही. तिला मालगाडी म्हणायचे. पण सगळ्यांच्या लक्षात राहायचं ते तिचं थांबणं. नंतर ती दोघींचं काम उरकते, हे बघायला कोणाला वेळ होता?

लहानपणापासून तिच्यावर सगळ्यांचा एकच उपाय: पळवा तिला. शाळेत बाई मैदानाला फेऱ्या मारायला लावत. घरी सासूबाई म्हणत, झटझट हात चालव, आपोआप अंग मोकळं होईल. कामाला निघताना ती ग्लासभर चहात चमचे चमचे साखर घालून प्यायची, त्यावरूनही बोलणी खायची.

मग लाँड्रीत नवा मुकादम आला. त्याला थांबलेलं माणूस दिसलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. एका सकाळी लिफ्ट बंद पडली. त्यानं ताईला आल्या आल्या गाठोडं दिलं आणि स्वतः मागे लागला. "चला, चला! मध्ये टेकायचं नाही. बघतोच तुमची नाटकं." ताईही इरेला पेटली. न थांबता चौथ्या मजल्यावर गेली. वर पोचल्यावर तिच्या मुठी गाठोड्यावरून सुटेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली. संध्याकाळी तिनं मला हळूच सांगितलं की लघवी कोऱ्या चहासारखी काळी होतेय. माझी पाचावर धारण बसली. तसंच उचलून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी किती तरी तपासण्या केल्या आणि मग आम्हाला समोर बसवून समजावलं. स्नायूच्या पेशीला काम करायला ऊर्जा लागते. हाताशी असते ती काही सेकंदांत संपते. मग पेशी आपल्यातच साठवलेली साखर काढते. ती साखर कण कण जोडलेल्या साखळ्यांसारखी असते. ग्लायकोजेन म्हणतात तिला. साखळ्या तोडायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. ताईच्या स्नायूंत ते जन्मापासूनच नाही.

"म्हणजे डबा साखरेनं भरलेला, पण झाकण उघडत नाही?" मी विचारलं.

"अगदी तसंच."

"मग ही दुपारपर्यंत राबते कशी?"

"बाहेरून माल येतो. यकृतातली साखर, अंगावरची चरबी रक्तातून स्नायूंपर्यंत पोचते आणि पेशी त्यावर चालतात. त्याला आठ-दहा मिनिटं जातात. मग अंगात जो जोर येतो, त्याला दुसरा दम म्हणतात. तोवर जबरदस्ती केली तर स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतला रंग लघवीत उतरतो. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात." चहाचं कळल्यावर बाई हसल्या. ती साखर थेट रक्तात जाते म्हणे, सुरुवात सोपी होते.

मला वाटलं ताई आता रडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी थांबत होते, ते बरोबर होतं."

"तुम्ही थांबत होतात म्हणून तर धडधाकट राहिलात."

ताई बरी झाली आणि घराची तऱ्हाच फिरली. जी कालपर्यंत कामचुकार होती, ती आता काचेचं भांडं झाली. सासूबाई तिच्या हातातून झाडू काढून घेऊ लागल्या. माझ्या नवऱ्यानं तर कमाल केली. तिला न विचारता लाँड्रीत जाऊन सांगून आला की बहीण आजारी आहे, आता येणार नाही. मायेनंच केलं त्यानं. पण मला त्या मायेचा असा संताप आला की काय सांगू! आयुष्यभर तिला थांबू दिलं नाही, आणि आता चालू देत नाहीत.

ताईला ते रात्री कळलं. सकाळी गोड चहा प्यायली आणि निघाली. मी सोबत गेले. मागोमाग नवरा धावत आला.

"तुमचा राजीनामा आलाय," मुकादम म्हणाला.

"ज्यानं दिला, त्याला ठेवा कामावर," ताई म्हणाली. "मी आलेय."

"अहो, बसून करायचं काम देतो. रुमाल मोजा."

"खुर्ची नको मला. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं माझ्या मागे लागू नका. एवढंच."

नवरा मध्ये पडला. "ताई, हट्ट करू नकोस. घरी चल. तुझ्याच्यानं आता..."

तिनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. लिफ्ट नेमकी पुन्हा बंद होती. तिनं एक गाठोडं स्वतः उचललं आणि दुसरं त्याच्या हातात कोंबलं. "चल वर."

पहिल्या जिन्याच्या अर्ध्यातच ती थांबली. गाठोडं खाली ठेवलं, कठडा धरला, डोळे मिटले. खालून मुकादम बघत होता, बायका बघत होत्या. कोणाकडेही न बघता ती उभी राहिली, चांगला हवा तेवढा वेळ. मग निघाली. पुढे आणखी एकदा थांबली. दुसरा मजला ओलांडल्यावर मात्र तिचे पाय एका लयीत पडू लागले आणि मला तिच्याबरोबर राहणं जड जाऊ लागलं.

चौथ्यावर गाठोडं ठेवून आम्ही उतरलो, तर माझा नवरा तिसऱ्याच्या पायऱ्यांवर बसला होता. गाठोडं पोटाशी धरलेलं, तोंड लालबुंद, धापा टाकत होता आणि आम्हाला बघून घाईघाईनं उठू लागला.

ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "थांब हवं तेवढं," ती म्हणाली. "तुला कोणी आळशी म्हणणार नाही."

आणि ती पुढचं गाठोडं आणायला खाली गेली.