येडबानं खरवडलेली खोक

माझा धाकटा दीर येडबा, त्याचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं आन अर्धं फोटोमागं. मेंढरं बापानं दिली. फोटोचं खूळ त्यानं आपल्या हातानं घरात आणलं.

कापसाच्या हंगामात तो सेलूला जिनिंगमध्ये कामाला जायचा. तिथं बाजारात बन्सीधर नावाचा फोटोवाला होता. दुपारच्या सुट्टीत भाकरी खायची सोडून येडबा त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. बन्सीधरनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना, लाकडी पेटीचा, तीन पायांवर उभा राहणारा, येडबाला देऊन टाकला. त्याच्या बदल्यात माझ्या सासूनं कातलेल्या लोकरीची घोंगडी नेली. पुढं दोन हिवाळे आमी ती घोंगडी आठवत कुडकुडलो.

फोटो काढणं त्याला लवकर आलं. त्याचा जीव अडकला तो फोटो साफ करण्यात. मला लिहिणं-वाचणं दुसरीपुरतं, पण हे त्यानं इतक्यांदा समजावलं की झोपेतसुद्धा सांगीन. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. देवीच्या वणाचा खड्डा फोटोत काळा येतो, म्हणजे निगेटिव्हवर तो फिका ठिपका. त्यावर टोकदार पेन्सिल हळूहळू टेकवत गेलं की फोटोत खड्डा बुजतो. आन फोटोत जे पांढरं येतं, ते निगेटिव्हवर काळं. ते घालवायचं तर पात्यानं खरवडायचं. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत न्हाई. बन्सीधरनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण शिकायच्या भरात माणूस शेवटची गोष्ट विसरतो.

खिडकीला निगेटिव्ह टेकवून, डोळ्याला भिंग लावून तो दिवस दिवस बसायचा. मेंढरं कोणी न्यायची? मी न्यायची. संध्याकाळी पाय ओढत घरी यावं तर हा विचारणार, वैनी, ह्या गालावर डाग दिसतो का? मला तेव्हा गालच दिसायचा न्हाई, चूल दिसायची.

गावातल्या बायांना मात्र त्याचं लय कौतुक. वण गेले, सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचं काळं गेलं. शेजारची बायनाबाई आपला फोटो बघून म्हणाली, "येडबा, असं तोंड लग्नाच्या आधी दिलं असतंस तर मी ह्या गावात कशाला आले असते?" तिचा नवरा तिथंच बसला होता. तोही हसला. पण मला एक गोष्ट खटकायची. दोनशे मेंढरांतली एक हरवली तर तोंडावरून सांगणारा हा माणूस, आन त्याच्या फोटोतल्या बाया बघाव्या तर सगळ्या एकीच्या लेकी.

मग त्यानं आपल्या मायचा फोटो काढला. माझी सासू, म्हाळसाबाई. आमी तिला आत्याबाई म्हणायचो. तोंडभर देवीचे वण, आन कपाळावर एक पांढरी खोक. नवी नवरी असताना एडक्यानं शिंग मारलं होतं त्याची. त्या एका निगेटिव्हवर येडबा आठ दिवस बसला. वण बुजवले. सुरकुत्या बुजवल्या. खोक पांढरी, म्हणून ती पात्यानं खरवडून काढली. बन्सीधरसुद्धा म्हणाला, हात बसला तुझा.

आत्याबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बाई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पण हिनं मेंढरं राखलेली दिसत न्हाईत."

येडबाला वाटलं माय थट्टा करायलीय. त्यानं फोटो काचेत बसवला.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. तेराव्याला माझी नणंद भिवराबाई हार घेऊन फोटोपुढं उभी राहिली आन तशीच उभी राहिली. माझे मालक दत्तराव, ते थोरले, ते म्हणाले, घाल की हार, जेवणं खोळंबलीत.

"ही माझी माय न्हाई," ती म्हणाली. "कोण्या परक्या बाईला हार घालू?"

हार तिनं जात्यावर ठेवला. येडबाकडं बघितलंसुद्धा न्हाई, ते जास्त वाईट.

आत्याबाईंचा दुसरा फोटो नव्हता. येडबानं त्या दिवसापासून पेन्सिल बाजूला ठेवली. मला वाटलं, बरं झालं, सुटले मी. मेंढरं आता तोच न्यायचा, पण जनावरं कुठं गेली ह्याकडं ध्यान नसायचं. एक दिवस मी लोकर निवडत बसले होते, तिथं येऊन बसला. म्हणाला, "वैनी, डोळे मिटले की तीच गुळगुळीत बाई दिसायलीय. माय दिसंना. मीच पुसली तिला."

मी दमले होते, तोही दमला होता. मी म्हटलं, पेन्सिल पुसता येते म्हणायचात ना, मग पुसा.

पेन्सिल टर्पेंटाइननं निघते, ते आणायला सेलूला जायचं, तर नामांतराच्या मोर्चामुळं आठवडाभर एसट्या बंद. आठव्या दिवशी चालत गेला. आला तो कापसाचा बोळा भिजवून निगेटिव्हवर फिरवत बसला. पेन्सिल निघाली. फिके ठिपके एकेक करून वर आले. वण आले, सुरकुत्या आल्या, हनुवटीचं गोंदण आलं. फक्त कपाळ कोरं राहिलं. खोक खरवडलेली होती, ती कुठून येणार?

ती आता पेन्सिलीनं काढायची होती. पण कशी होती ती? मालक म्हणाले उजव्या भुवईवर. भिवराबाईला निरोप धाडला, तिचा उलटा निरोप, डावीकडं, आन आडवी. बायनाबाई म्हणाली, मधोमध होती बाई, कुंकवाच्या वर. चाळीस वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली, तिचं कपाळ कोणी नीट बघितलं नव्हतं. येडबा म्हणाला, मलाबी न्हाई सांगता येत. मान खाली घालून म्हणाला.

मला येत होतं. थंडीत ती खोक ठणकायची. अकरा हिवाळे मी तिथं करडीचं कोमट तेल चोळलं. पण तोंडानं सांगायला गेले तर माझंही डावं-उजवं फिरायला लागलं, कारण आत्याबाई माझ्या पुढ्यात डोकं टेकून बसायच्या आन मी वरून चोळायची. मग म्हटलं, भावजी, बसा इथं, पाठ माझ्याकडं करा.

तो बसला. मी त्याचं डोकं मागं टेकवून घेतलं आन डोळे मिटले. बोटानंच रस्ता काढला. डाव्या भुवईच्या टोकापासून वर, मग एक बारकं वळण, तिथं हाडाला खळगी होती, मग केसांत. त्याच्या कपाळावरून तीनदा बोट फिरवलं. तिसऱ्यांदा त्याचं कपाळ हालायला लागलं, तरी मी पुरं केलं.

वर्षश्राद्धाला नवा फोटो काचेत होता. भिवराबाई हार घेऊन पुढं आली. लय वेळ बघितलं.

"खोक जाड झालीय," ती म्हणाली.

"काढताना हात हालला," येडबा म्हणाला.

तिनं हार घातला. मग पदरानं काचेवर कपाळाच्या जागी पुसलं, तिथं काही लागलेलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना मी त्याला विचारलं, आता दिसती का माय डोळे मिटल्यावर? खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"तोंड येतंय अन् जातंय," म्हणाला. "पण तुमचं बोट लागतंय कपाळाला."

मी म्हटलं, तेवढ्यावर भागवा आता. आन राखेचा हात धुऊन उरलेली भांडी त्याच्याकडं सरकवली.