दोघींनी शिवलेली गोधडी

गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीच्या गजांतून हात आत घालून तिनं माझ्या मांडीवरचं बोचकं चाचपलं आणि म्हणाली, "जुनेर म्हणून भांडीवालीला देऊन टाकशील हो! कापड मऊ व्हायला आयुष्य जातं." बोचक्यात तिची दोन विरलेली लुगडी होती. ट्रंक नव्या कोऱ्या साड्यांनी भरलेली, आणि ही बाई मला जुनेर देऊन पाठवत होती! कऱ्हाड सोडून पार कलकत्त्याला निघालेल्या लेकीला काहीतरी छानसं सांगावं की नाही? पण आमच्या आईचं प्रेम हे असंच, कामाच्या सूचनांमधून यायचं. शेवटी मीच रडले, पार पुणं येईपर्यंत.

हे मी लिहितेय ते कऱ्हाडला राहिलेल्या तुम्हां सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या नवऱ्याच्या बदलीमागून कुठल्या कुठे जाऊन पडलेल्या बायकांसाठीही. दर पत्रात तुमचा एकच प्रश्न असतो, परत कधी येणार? आजवर मी उत्तर टाळत आले. आज देते. जरा लांबण लागेल, पण वाचा.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, आणि पहिलीच बदली कलकत्त्याला. भवानीपुरात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. सकाळ-संध्याकाळ गल्लीभर कोळशाच्या शेगड्या पेटायच्या, धुरानं डोळे चुरचुरायचे, आणि त्यावर मोहरीच्या तेलात तळलेल्या माशांचा वास. पहिले काही महिने मी नाकाला पदर लावूनच जिना चढले. आता गंमत बघा, आमच्या घरात उन्हाला 'रोद' म्हणतात आणि गच्चीला 'छाद', आणि पोळीबरोबर बेगुनभाजा, म्हणजे वांग्याचे तळलेले काप, नसला तर ह्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. पुण्याहून येणारी भाची आमच्या मराठीला हसते. हसू दे बापडी.

तळमजल्यावर माशीमा, म्हणजे मावशी, राहायच्या. फाळणीनंतर पूर्व बंगालातल्या बारिसालहून मुलाला घेऊन आलेल्या, अंगावर विधवेचं पांढरं बिनकाठाचं लुगडं, त्याला तिकडे थान म्हणतात, आणि सोबत एवढंसं गाठोडं. मुलगा बजबजला तागाच्या गिरणीत कारकून होता, सकाळच्या लोकलनं जायचा. तो गेला की माशीमा छादवर यायच्या, जुन्या साड्या एकावर एक अंथरायच्या, चार कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि काँथा शिवायला बसायच्या. काँथा म्हणजे आपली गोधडीच, जरा पातळ. पण पहिल्याच दिवशी मी बघितलं, तर ह्या बाईंनी टाका घातला तो थेट मधोमध! मग फिरत फिरत बाहेर. आपल्याकडे कोपरा धरतात, कडेकडेनं फेर घेत आत येतात. मला वाटलं, म्हातारीला शिवता येत नाही. सांगायला भाषा नव्हती म्हणून बरं, नाहीतर माझ्या तोंडाला कुठला लगाम!

दुसऱ्या वर्षी मला दिवस राहिले. माहेरी यायचा एवढा प्रवास डॉक्टरांनी बंद केला, आणि आईला येता येईना, कारण माझे वडील, अण्णा, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. मग ह्यांनी सासूबाईंना बोलावलं. सोबत बघून बिचाऱ्या दोन रात्री गाडीत बसून आल्या.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या तरुणपणीच विधवा झाल्या. शेजारीपाजारी पापड लाटून, दळणं दळून त्यांनी ह्यांना शिकवलं. कामाला वाघीण. पण घरात काही मंगल असलं, की कुणी काही म्हणायच्या आतच ही वाघीण उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आमच्या लग्नातसुद्धा! एकुलत्या एका मुलाचं लग्न त्यांनी कोठीच्या दाराच्या फटीतून बघितलं. मी बोहल्यावरून ती फट आणि त्यामागचा डोळा बघितला होता. नव्या नवरीला तोंड उघडायची सोय नव्हती. पण माझ्या घरात असं होऊ द्यायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं.

कलकत्त्यात उतरल्या आणि सासूबाई माशांच्या वासानं हैराण झाल्या. दोन दिवस नुसत्या ताकावर. तिसऱ्या दिवशी खाली गेल्या तर माशीमा वेगळ्या चुलीवर मुगाची डाळ शिजवत होत्या. बंगाली विधवा मासे खात नाहीत, हे सासूबाईंना तेव्हा कळलं. वर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं. "अगं, खालची बाई आपल्यातलीच आहे की!" त्या दिवसापासून दोघींची चूल एक झाली. एक मराठीतून बोलायची, दुसरी बंगालीतून, आणि दोघी सकाळभर भांडायच्या. डाळीत गूळ आधी की नंतर, यावर तर हमरीतुमरी!

मुलगी झाली. सुईण होतीच, पण माझा एक हात सासूबाईंनी धरला होता आणि दुसरा माशीमांनी. मी दोघींच्या हातांवर नखं रुतवली म्हणे. दोघींनी हूं की चूं केलं नाही.

मग गोधडीची गडबड उडाली. बारशाला बाळ आजीच्या लुगड्याच्या गोधडीवरच पाळण्यात जायला हवं. आईची दोन लुगडी वरखाली ठरली, पण मधे थर हवेत. सासूबाईंनी आपलं एक जुनं लुगडं काढलं. तरी पातळच. तेवढ्यात माशीमा खाली गेल्या आणि आपलं एक धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं थान घेऊन आल्या. मी खाटेवरून बघत होते. पांढऱ्या कापडाचा अर्थ सासूबाईंनाही ठाऊक होता. त्यांनी ते कापड गालाला लावून बघितलं. "माझं तरी कुठे वेगळं आहे," त्या हळूच म्हणाल्या, "दोघींचं आत घालू. वर दिसायला नको." मला ते मुळीच आवडलं नाही. पण बाळंतिणीचं ऐकतंय कोण!

दोघी समोरासमोर बसल्या. सासूबाईंनी कोपरा धरून आत यायला सुरुवात केली, माशीमांनी मधून बाहेर. दोघींनाही समोरची चुकतेय याची पक्की खात्री. "अहो बाई, कडेनं घ्या, कडेनं!" "ना ना दीदी, माझखान थेके!" म्हणजे मधून! कुणीच ऐकेना. दोघींचे हात असे भराभर चालले होते की मी बघतच राहिले. आणि व्हायचं तेच झालं. दोन्हीकडून रेटलेलं कापड मधल्या वाटेत येऊन गोळा झालं आणि गोधडीला हा एवढा फुगवटा आला. दाबला की शेजारी उठायचा. माझी हसून हसून पुरेवाट झाली, ओल्या बाळंतिणीनं इतकं हसू नये म्हणून दोघींनी मला आपापल्या भाषेत दटावलं.

उसवायला वेळ नव्हता. सासूबाईंनी तोडगा काढला. गोधडीचा शेवटचा टाका घालण्याआधी आपल्याकडे पोळीचा तुकडा आत ठेवतात ना, तिचं पोट रिकामं राहू नये म्हणून? त्यांनी त्या फुगवट्यातच घास भरला. "हे घ्या, हेच हिचं पोट!" पण कऱ्हाडची कोरडी हवा कुठे आणि कलकत्त्याची दमट कुठे! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गोधडीवर मुंग्यांची ही रांग. सासूबाईंचं तोंड उतरलं. माशीमांनी टाका उसवला, घास झटकला, गोधडी रोदमध्ये टाकली आणि पोटात साळीचे सुके दाणे, धान, घालून शिवून टाकलं. त्यांच्याकडे आशीर्वाद देताना धानच लागतं. सासूबाईंनी दाणे चाचपले आणि मान डोलावली. त्या कुणाचं पटवून घेतायत, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

बारशाला आपली मराठी मंडळी जमली. सगळी आमच्यासारखीच बदलीवर आलेली. फोर्ट विल्यमकडच्या एक काकू आमच्यात वडीलधाऱ्या, सगळ्या समारंभांचा मान त्यांचा. पाळणा फुलांनी सजला. बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे द्यायला दोन सवाष्णी दोन बाजूंना उभ्या राहिल्या, त्यात एक काकू. मी वळून बघितलं तर सासूबाई खोलीत नव्हत्या. माशीमाही नव्हत्या. त्यांना मराठी येत नव्हती, पण उठून आत केव्हा जायचं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. गोधडीसकट बाळ उचललं आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. दोघी पाटावर बसून विड्याची पानं पुसत होत्या.

"चला बाहेर. तुम्ही दोघींनी बाळ पाळण्यात घालायचंय."

"वेडी का खुळी तू?" सासूबाई दचकल्या. "माझा हात नको गं. उद्या पोरीला काही झालं तर?"

"सासूबाई, रोज हिला मांडीवर घेऊन न्हाऊमाखू कुणी घातलं? तुम्हीच ना? मग आजच तुमचे हात वाईट कसे झाले?"

त्या खाली बघत पान पुसत राहिल्या. आणि मग दारातून ह्यांचा आवाज आला. हे मुलखाचे मितभाषी, चारचौघांत बोलायचं म्हणजे यांना संकट. पण त्या दिवशी पुढे आले, वाकून आईचा हात धरला आणि म्हणाले, "आई, माझ्या लग्नात तू आत बसलीस. मी काही बोललो नाही. आज चल."

सासूबाई उठल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी माशीमांना उठवलं.

काकूंनी आपला मान असा जाताना बघितला आणि ओटीसुद्धा न घेता निघून गेल्या. जाऊ देत. बाकीच्या थांबल्या. पाळण्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला माशीमा. विधी माशीमांना ठाऊक नव्हता, सासूबाई डोळ्यांनी सांगत होत्या. पोर एकीकडून दुसरीकडे अलगद गेली, वरून, मग खालून. कुणीतरी पाळणा म्हणायला लागलं. सासूबाईंनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं, सुधा. मी तिथे उभी राहून ढसाढसा रडत होते आणि खरं सांगते, तेवढा अभिमान मला आयुष्यात परत कशाचाच वाटला नाही.

सुधा त्या फुगवट्यावर डोकं ठेवूनच झोपायची. आज ती कॉलेजात शिकवते, तब्येत दणदणीत आहे. अशुभाची काळजी करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलं.

दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई परत गेल्याच नाहीत. आपल्या मंडळींत पुढे कुणाकडेही बारसं असलं की दोघी आज्यांना बोलावणं यायचं, बाळ पाळण्यात घालायला! काही वर्षांनी ह्यांना पुण्याची बदली मिळाली, बढतीसकट. मला आनंदानं काही सुचेना, मी बांधाबांध काढली. सासूबाई मग म्हणाल्या, "तुम्ही जा गं. मी इथेच राहते, माशीमांजवळ. तिकडे कुणाकडे काही असलं की मी पुन्हा कोठीत. इथे मी बाहेर बसते."

ह्यांनी दुसऱ्या दिवशी बढतीला नकार कळवला. मी बांधलेलं सामान सोडलं.

तर असं आहे. सासूबाई गेल्या, माशीमा गेल्या, हेही निवृत्त झाले. तुम्ही विचारता, आता तिथे काय आहे तुमचं, परत या. कऱ्हाड माझं माहेर आहे आणि मरेपर्यंत राहील. पण ज्या खोलीत सासूबाई सगळ्यांसमोर बाहेर येऊन बसल्या, ते माझं घर.